टीपीआर चार्टमधला 'आर': वॉर्डात परतणाऱ्या नर्सेससाठी तपासणीची आणि रुग्णसेवेची उजळणी

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप (टी), नाडी (पी) आणि श्वास (आर) यांच्या नोंदींचा तक्ता, उघडा आणि श्वासाच्या रकान्यावरून बोट फिरवा. १८, २०, १८, २०, २०. न्यूमोनियाचा पेशंट २०, हर्नियाचं ऑपरेशन झालेला २०, उद्या घरी जाणारा तोही २०. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय की काय!

असे 'वीस' मीही पुष्कळ लिहिलेत. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. नाइट संपत आली होती, आणि पन्नाशीच्या एका बाईंच्या नावापुढे २० लिहून मी पुढे सरकले. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीकडे पेशंट सोपवताना, इन्चार्ज सिस्टर त्या खाटेपाशी थांबल्या. काही बोलल्या नाहीत. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, "किती म्हणालीस?" बाईंचा श्वास ३४ होता. दुपारी त्यांना आयसीयूत हलवलं. वाचल्या त्या, पण त्यात माझ्या नोंदीचा हात नव्हता.

लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, घरातलं आजारपण अशा कारणांनी पाच-सात वर्षं खंड पडून आता परत रुजू होणाऱ्या नर्सेससाठी हे लिहितेय. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांना किंवा भरतीच्या तयारीत असणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. पुस्तकातलं सगळं इथे परत मांडत नाही. कामाचा क्रम आणि जिथे हात हमखास चुकतो त्या जागा, एवढंच. आकडे सगळे मोठ्या माणसांचे आहेत. लहान मुलांचं गणित वेगळं असतं.

दारातून दहा सेकंद

खाटेजवळ जायच्या आधी दारात थांबून बघा. पेशंट पुढे वाकून गुडघ्यांवर हात टेकून बसलाय का? त्याला धाप आहे. पाय पोटाशी घेऊन निश्चल पडलाय का? पोटात काहीतरी गंभीर असू शकतं. नातेवाइकांशी पूर्ण वाक्यात बोलतोय की तीन शब्दांवर थांबून श्वास घेतोय? कपाळावर घाम आहे का? ऑक्सिजनची नळी नाकात आहे, पण तिचं दुसरं टोक ऑक्सिजनचा वेग दाखवणाऱ्या फ्लोमीटरला जोडलंय ना? हसू नका, न जोडलेली नळी मी एकदा नाही, चारदा पाहिली आहे. सलाईन किती उरलंय, लघवीची पिशवी जमिनीला टेकलीय का, घरचा डबा न उघडता तसाच पडलाय का, हे सगळं दारातूनच दिसतं.

मग हात. हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. हात दिसायला घाण असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबणच. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या पाच वेळा सांगितल्यात. त्यातली पाचवी आपण सगळ्यात जास्त विसरतो: पेशंटला हात लावला नाही, पण त्याच्या खाटेला, लॉकरला, सलाईनच्या स्टँडला लावला, तरी हात धुवायचे. बांगड्या आणि अंगठी ड्यूटीवर नकोतच.

ओळख पटवताना "तुम्ही अमुक ना?" असं कधीच विचारू नका. कमी ऐकू येणारे आजोबा कुठल्याही नावाला मान डोलावतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणा आणि केस पेपरवरचा नंबर जुळवा. एकाच गावचे, एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी-शेजारी असणं आपल्याकडे नवलाचं नाही.

'कसंतरी होतंय' म्हणजे नक्की काय

तपासणी सुरू होते ती ऐकण्यातून, आणि इथे मराठी नीट कळणाऱ्या नर्सचा हात कुणी धरू शकत नाही. 'दुखतंय' या एका शब्दावर थांबू नका. ठणकतंय की कळ येते? कळ म्हणजे येऊन जाणारी, ती आतड्याची किंवा मूतखड्याची असू शकते. ठणका गळवाचा असतो. चमक निघते म्हणजे बहुतेक नस किंवा स्नायू. आग होते, मुंग्या येतात, हे मधुमेही पेशंटच्या पायाचं नेहमीचं गाऱ्हाणं. आणि 'छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय' असं पेशंट म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारत बसू नका. ईसीजी मशीन ओढत आणा आणि डॉक्टरांना बोलवा.

'चक्कर येते' हा तर मोठाच गोंधळाचा शब्द. घर फिरतंय असं वाटणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि चालताना तोल जाणं, या तिन्हीला पेशंट चक्कर म्हणतो. पहिलं कानाचं असू शकतं, दुसऱ्यात बीपी आडवं आणि उभं असं दोनदा बघायला हवं, तिसऱ्यात मेंदूकडे लक्ष द्यायला हवं. म्हणून विचारा: "तुम्ही फिरताय, की खोली फिरतेय, की डोळ्यांपुढे काळोख येतोय?"

बायकांच्या बाबतीत आणखी एक पडदा असतो. 'अंगावरून जातंय' म्हणताना पांढरं की लाल, किती दिवस, दिवसाला किती कपडे किंवा पॅड बदलावे लागतात, हे पुरुष डॉक्टरांसमोर बाई सांगत नाही. तुम्हाला सांगेल, पण नवऱ्याला बाहेर चहा प्यायला पाठवल्यावर.

दुखणं ० ते १० मध्ये मोजायचं, असं आपण शिकलो. खेड्यातल्या माणसाला हे दहा गुण समजावताना दमछाक होते, आणि शेवटी तो तुमच्या समाधानासाठी 'पाच' म्हणून मोकळा होतो. त्याला त्याच्या मापात विचारा. "काल सोळा आणे दुखत होतं, तर आज किती?" तो लगेच म्हणेल, "आठ आणे फरक हाय." झालं काम. चार्टवर ५/१० लिहा आणि शेजारी त्याचे शब्दही लिहा. औषध दिल्यावर परत विचारायला मात्र जायचं. गोळीनंतर साधारण तासाभराने, शिरेतून दिलं असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी. ही दुसरी नोंद बहुतेक चार्टवर कोरी असते.

श्वास

मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २०. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा हलतो, कारण ऑक्सिजन कमी पडला किंवा रक्तात आम्ल साठलं की शरीर पहिल्यांदा श्वास वाढवतं. बीपी पुष्कळ वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. आणि नेमका श्वासच असा आकडा आहे, जो साध्या मॉनिटरवर भरवशाचा मिळत नाही. डोळ्यांनीच मोजावा लागतो.

मोजण्याची युक्ती जुनीच आहे. नाडी मोजून झाली की मनगट सोडू नका. पेशंटला वाटतं, तुम्ही अजून नाडीच बघताय. त्याचा हात त्याच्या पोटावर किंवा छातीवर आणून ठेवा आणि हाताचं वर-खाली होणं मोजा. पूर्ण ६० सेकंद. "तुमचा श्वास मोजते हं" असं म्हणालात की तो लगेच विचार करून श्वास घ्यायला लागतो आणि आकडा वाया जातो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंत तर एका श्वासाची चूक चारची होते. २० चे २४ आणि २४ चे २०.

आकड्यासोबत धाटणी बघा: बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, मानेचे स्नायू ताणलेत का, नाकपुड्या फुलतायत का, घरघर ऐकू येतेय का. इंग्लंडमध्ये नोकरीला गेलेल्या आपल्या मुलींना तिथे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर भरावा लागतो. त्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त झाला की त्या एकाच गोष्टीचे ३ गुण, म्हणजे कोणत्याही एका निकषाला मिळू शकणारे सर्वाधिक. आपल्या वॉर्डात असा तक्ता नसला तरी २५ हा आकडा डोक्यात असू द्या.

नाडी

तीन बोटं, अंगठा नाही. अंगठ्यात तुमचीच नाडी लागते. वेग ६० ते १००. ठोके नियमित असतील तर ३० सेकंद चालतील, अनियमित असतील तर पूर्ण मिनिट, आणि मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ठोके मोजा. छातीवरचे ठोके मनगटापेक्षा जास्त भरले, तर फरक लिहा आणि सांगा. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी द्यायच्या आधी छातीवरचे ठोके पूर्ण मिनिट मोजायचेच. ६० च्या खाली असतील तर गोळी हातात तशीच ठेवून डॉक्टरांना विचारायचं.

नाडी बघताना हाताचा स्पर्शही बघा. थंड, घामट हात आणि बारीक, भराभर चालणारी नाडी हे शॉकचं, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडत असल्याचं, लक्षण आहे, मग बीपी काहीही सांगो. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा.

बीपी: जिथे सगळ्यात जास्त खोटे आकडे तयार होतात

१. पेशंटला पाच मिनिटं बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको. लघवी तुंबलेली नको. मागच्या अर्ध्या तासात चहा, बिडी किंवा तंबाखूची चिमूट झाली असेल तर थांबा. मोजताना बोलायचं नाही, तुम्हीही नाही.

२. दंड मोकळा करा. घट्ट बाही वर सरकवली की तीच दोरीसारखी आवळते. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेला हात आणि स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वापरायचा नाही.

३. कफ मापाचा घ्या. आतल्या फुग्याने दंडाचा साधारण ८० टक्के घेर वेढला पाहिजे. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटंच वाढलेलं दिसतं. वॉर्डात एकच कफ असेल तर मोठ्या मापाचा मागून घ्या आणि मिळेपर्यंत मागत राहा.

४. दंड हृदयाच्या पातळीत, खाली आधार देऊन ठेवा. हात खाली लोंबत असेल तर आकडा वर जातो.

५. आता ती पायरी, जी परीक्षेत सगळे करतात आणि वॉर्डात कुणी करत नाही. मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी जिथे गायब होते तो आकडा लक्षात ठेवा. हवा सोडा, अर्धा मिनिट थांबा, आणि मग त्या आकड्याच्या ३० वर फुगवा. काही पेशंटमध्ये, विशेषतः जुन्या बीपीवाल्यांमध्ये, स्टेथोस्कोपमधले आवाज मध्येच थोडा वेळ बंद होतात. नाडी न धरता कफ १६० पर्यंतच फुगवला आणि तो मुका टप्पा नेमका तिथे असला, तर १९० चं बीपी १४० लिहिलं जातं.

६. हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर एवढ्या संथपणे सोडा. पहिला टक् आवाज वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. हे आवाज ओळखून मोजायची पद्धत रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली आणि आजही तीच चालते.

पट्टीवर दोन-दोनच्या रेघा असतात. मग आपल्या चार्टवर १२०/८०, १३०/९०, ११०/७० एवढेच आकडे कसे? ११८/७४ लिहायला लाजू नका. अंधारी येणाऱ्या पेशंटचं आधी आडवं घ्या, मग उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कळवा, आणि त्याला एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नका.

ताप आणि सॅच्युरेशन

थर्मामीटरचं फार काही नाही. नुकताच चहा किंवा गार पाणी प्यायलेल्याचं तोंडातलं तापमान पंधरा-वीस मिनिटं थांबून घ्या. काखेतलं तोंडापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतं, म्हणून कुठून घेतलं ते लिहा. एका वेळी काख आणि दुसऱ्या वेळी तोंड असं केलंत तर चार्टवर न आलेला ताप चढतो आणि उतरतो.

सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, क्लिपने कोविडनंतर घराघरात जागा मिळवली आणि आपली एक सवय बिघडवली. आकडा ९६ दिसला की आपण निर्धास्त होतो. पण गार पडलेली बोटं, नेलपॉलिश, थरथरणारा हात, त्याच हातावर फुगलेला बीपीचा कफ, यांनी आकडा चुकतो. लाटेची रेघ नियमित दिसते का, आणि क्लिपवरचा नाडीचा आकडा तुमच्या बोटांनी मोजलेल्या नाडीशी जुळतो का, ते आधी बघा. ऑक्सिजन किती लिटरवर ९६, हे शेजारी लिहिलं नाही तर त्या ९६ ला अर्थ नाही. आयुष्यभर चुलीच्या धुरात किंवा बिडीत फुफ्फुसं गेलेल्या सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या) पेशंटचं लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ ठेवतात. आकडा कमी दिसतो म्हणून स्वतःहून ऑक्सिजन वाढवत सुटू नका, केस पेपरवरचं लक्ष्य बघा.

आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचा

पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड भरतात तेव्हाचं एक उदाहरण. विशीतला मुलगा, तापाचा पाचवा दिवस. सकाळी ताप ९९. आई खूश, "उतरला एकदाचा ताप." बीपी १००/८४. वरचा आकडा १०० आहे म्हणून घाईत कुणीही पुढे जाईल. दोन्हींची वजाबाकी करा: १६. डेंग्यूत हा फरक २० किंवा त्याहून कमी झाला तर तो शॉक धरायचा. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतंय, शरीर वाहिन्या आवळून खालचा आकडा टिकवून धरतंय. नाडी १२०, हात गार, पोटात दुखतंय, सकाळपासून तीनदा उलटी, लघवी रात्रीनंतर नाही. ताप उतरतो तो काळच डेंग्यूत सगळ्यात धोक्याचा, हे त्या आईला समजावून सांगणं हेही आपलंच काम.

डोक्यापासून पायापर्यंत, पाच मिनिटांत

शुद्धीसाठी ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये ग्लासगोत तयार केलेला. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६. एकूण १५ आणि कमीत कमी ३. शून्य लिहिणारे अजून भेटतात. नुसती बेरीज लिहू नका, डो ३ बो ४ हा ६ असं सुटं लिहा, कारण घसरण कुठे झाली ते बेरजेत कळत नाही. स्कोअर २ ने उतरला तर लगेच फोन. ८ किंवा कमी झाला तर श्वासमार्ग धोक्यात आहे असंच धरा.

बोलण्याचे गुण देताना भाषा बघा. मेळघाटातून आलेली कोरकू बोलणारी म्हातारी तुमच्या मराठी प्रश्नाला गप्प राहिली किंवा भलतंच बोलली, तर ती गोंधळलेली नाही. नातवाला दुभाष्या करा. आणि खेड्यातल्या आजीला आजची तारीख विचारून काय मिळणार? "परवा कोणता वार होता? बाजार कधी असतो? एकादशी झाली का?" यांची उत्तरं तिला बरोबर येतात.

शुद्ध हरपलेला किंवा अचानक बरळणारा कुठलाही पेशंट असो, ग्लुकोमीटर आधी. साखर ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. शिरेतून डेक्स्ट्रोज लागेल, डॉक्टरांना बोलवा. नातेवाईक पेढा कोंबायला बघतात, त्यांचा हात धरा.

छाती ऐकताना स्टेथोस्कोप कपड्यावर नाही, कातडीवर, आणि डावी-उजवी बाजू तुलना करत. पोटाचा क्रम मात्र वेगळा: आधी बघायचं, मग ऐकायचं, हात सगळ्यात शेवटी, आणि दुखतं त्या जागी तर त्याहूनही शेवटी. आधीच दाबलंत तर आतड्यांचे आवाज बदलतात.

पायांवर सूज बघताना नडगीवर बोट दाबा. अंथरुणावर खिळलेल्याची सूज पायात न दिसता कमरेखाली, माकडहाडाजवळ साठते. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला चोळायचं नाही. आपल्याकडे आजारी माणसाचे पाय चेपणं हे प्रेमाचं काम आहे. लेक, सून, नातू आळीपाळीने चेपत बसतात. शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्यांना रागावू नका, दुसरं काम द्या: डोक्यावरून हात फिरवा म्हणावं.

पाठ, टाच आणि माकडहाड

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, तिथेच अंथरुणावर होत्या. त्यांची सेवा तिथल्या नर्सेसच्या एकामागून एक पिढ्यांनी केली. त्यांना बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या नर्सेसचं मनापासून कौतुक केलं. त्या सेवेत महागडी गादी किंवा यंत्र नव्हतं. कूस बदलणं, कोरडं ठेवणं, खाऊ घालणं, एवढंच होतं, रोज.

कूस साधारण दर दोन तासांनी, आणि वेळ लिहून. पूर्ण कुशीवर ९० अंशांत नाही, कारण खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरकं. टाचा हवेत राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली. सरकवताना ओढायचं नाही. चादर धरून दोघींनी उचलायचं, एक बाजू मावशींना सांगा. जेवण सोडून एरवी डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर ठेवली की पेशंट खाली घसरतो आणि कमरेची कातडी खरवडली जाते.

आता जुन्या सवयींबद्दल. आम्हाला पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर लावायला शिकवलं होतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, आणि लाल झालेल्या जागी चोळल्याने आतली इजा वाढते. साधं मॉइश्चरायझर लावा, लाल जागा सोडून. हवेची गोल रिंगही नको. ती मधल्या जागेचा दाब काढते आणि कडेला आवळून रक्तपुरवठा तोडते. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल झाली तर वेळ आहे. तशीच लाल राहिली तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. म्हणून हाताच्या पाठीने चाचपा: शेजारच्यापेक्षा गरम, टणक किंवा पिलपिलीत, जांभळट.

नळ्या आणि तोंड

राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) फीड द्यायच्या आधी नाकापाशी केलेली खूण जागेवर आहे का ते बघा. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी रीत विश्वासाची नाही, नळी फुफ्फुसात असली तरी गुडगुड ऐकू येते. ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली असावा, आणि शंका असेल तर एक्स-रे झाल्याशिवाय थेंबही नाही. फीड देताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोकं ३० ते ४५ अंश वर. ज्याला नाकातून फीड आहे, त्याचं तोंड आपण विसरतो. त्याच्या तोंडाची निगा जेवणाऱ्यापेक्षा जास्त लागते.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. तासाला किलोमागे अर्धा मिली तरी लघवी हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३०, सहा तासांत १८०. 'लघवी झाली' अशी नोंद करू नका, मिली लिहा.

सुई आणि सलाईन

सगळे नियम इथे देत नाही. दोनच जागा सांगते, जिथे जीव जातात. पहिली, इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या बाटल्या अजून सर्रास आहेत, सोबत १०० च्याही मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलंत तर पेशंटला ५० युनिट गेले. बाटलीवरचा आकडा वाचा, सिरिंजवरचा वाचा, मग ओढा, आणि दुसऱ्या स्टाफला दाखवा. दुसरी, पोटॅशियम क्लोराइड. ते कधीही थेट शिरेत द्यायचं नाही. कायम सलाईनमध्ये मिसळून, हलवून, ठरलेल्या वेगाने. अँप्यूल वेगळ्या कप्प्यात ठेवा.

सलाईनचं गणित: मिली गुणिले सेटचे थेंब (त्या नळीतून एका मिलीला किती पडतात ते), भागिले मिनिटं. ५०० मिली चार तासांत, सेट २० थेंबांचा, म्हणजे १०,००० भागिले २४०, मिनिटाला ४२ थेंब. सेटवर किती थेंबांचा आहे ते छापलेलं असतं. मायक्रो सेट ६० चा. वेग लावून गेलात तरी परत येऊन मोजा, कारण 'लवकर संपू दे' म्हणून चक्री फिरवणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतो.

रात्री दोनचा फोन

"सर, पेशंट कसंतरी करतोय, बघायला या." या फोनवर झोपेतला आरएमओ (ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर) "बरं, बघतो" म्हणतो आणि कूस बदलतो. चूक त्याची आहेच, पण तुमच्या वाक्यात त्याला उठवणारं काही नव्हतं. असं सांगा:

"सर, फिमेल मेडिकलमधून स्टाफ बोलतेय. बेड ७, वय ५५, न्यूमोनिया, काल ॲडमिट. रात्री दहाला श्वास २४ होता, आता ३२. चार लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९१. पल्स ११८, बीपी ९६/६०. आता नवऱ्याला ओळखत नाहीत. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत काय सुरू करू?"

कोण, काय होतं, आता काय आहे, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. एसबीएआर म्हणून शिकवतात ती हीच पद्धत, अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली. सांगितलेली ऑर्डर परत वाचून दाखवा, आणि फोनची वेळ लिहा. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना फोन करा. त्यावर कुणी चिडलं तर चिडू दे.

नोंदीत चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर नाही. आणि मोजलं नसेल तर रकाना कोरा सोडा. कोरा रकाना बघून पुढची स्टाफ निदान मोजते. २० बघून ती पुढे सरकते.

रुजू व्हायच्या आधी आठवडाभर घरी सराव करा. शेजारपाजारच्या दहा दंडांवर बीपी घ्या, प्रत्येकवेळी आधी नाडी धरून. जुन्या कॅलेंडरच्या मागे थेंबांची वीस गणितं सोडवा. आणि दुपारी सासरे आरामखुर्चीत पेपर वाचत बसले असतील, तेव्हा भाजी निवडता-निवडता त्यांचा श्वास पूर्ण मिनिट मोजा. मोजताय हे त्यांना कळू देऊ नका.